तसबिरींची भिंत

पश्चिम भारतातल्या घरांच्या भिंतींवर गेल्या दीडशे वर्षांत जे फोटो टांगले गेले, त्यांतले फारच थोडे कॅमेऱ्यातून थेट भिंतीवर आले. बहुतेकांना वाटेत एखाद्या चित्रकाराचा, रिटच करणाऱ्याचा किंवा छापखान्यातल्या कारागिराचा हात लागला. उलट, ज्या चित्रांनी या भिंती भरल्या त्यांतलीही पुष्कळशी फोटो समोर ठेवून काढलेली होती. फोटोवरून चित्र सुचणे आणि फोटो घरात लावणे या आज दोन वेगळ्या हौशी मानल्या जातात. मुंबई-पुण्याकडे त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

या व्यवहाराची सुरुवात मुंबईत झाली. फोटोग्राफीचा शोध युरोपात 1839 साली जाहीर झाला आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत साहेब लोकांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यानंतरच्या काही वर्षांत हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिक मुंबईत स्टुडिओ चालवू लागले. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन, तो वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे. माणसाला काही सेकंद निश्चल बसवावे लागे आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार देत. जुन्या फोटोंतली माणसे करारी दिसतात, त्यामागे स्वभावापेक्षा या आधाराचा वाटा मोठा आहे.

चित्र आणि फोटो यांची सरमिसळही फार लवकर सुरू झाली. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवरचे दोन खंड काढले. त्यांतली माणसे स्टुडिओत टिपलेली आहेत आणि मागचे देखावे निराळे घेऊन त्यांना जोडलेले आहेत. ज्ञानासाठी म्हणून काढलेला हा ग्रंथ, पण त्यातले पान न् पान रचलेले आहे. फोटो म्हणजे डोळ्यांसमोरचे जसेच्या तसे, ही समजूत इथल्या कारागिरांनी कधी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

घरातल्या भिंतीचा विचार करताना एक तांत्रिक अडचण लक्षात घ्यावी लागते. सुरुवातीच्या पद्धतीत कागद काचेला टेकवून उन्हात छापत, त्यामुळे छाप काचेएवढाच निघे. घराघरांत परवडणारे फोटो तर 1854 साली पॅरिसमध्ये दिस्देरीने पेटंट घेतलेल्या भेटकार्डाच्या मापाचे, म्हणजे साधारण 6 बाय 10 सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत. ते आल्बमात शोभत. भिंतीवर लावले तर ओसरीवरून दिसणारही नाहीत. मोठी तसबीर हवी असेल तर त्या छोट्या फोटोवरून चित्रकाराकडून तैलचित्र करून घेणे हाच मुख्य मार्ग होता. संस्थानिक, शेठ आणि वकील यांच्या दिवाणखान्यांतल्या कितीतरी तसबिरी अशाच, माणूस हयात नसताना फोटोवरून रंगवलेल्या आहेत. पुढे ब्रोमाइड कागद आला, दिव्याच्या उजेडात एन्लार्जमेंट करणे सोपे झाले, आणि मध्यमवर्गाच्या भिंतीवरही आजोबा पुरुषभर नाही तरी हातभर दिसू लागले.

पण एन्लार्जमेंट करड्या रंगाची. शिवाय त्या काळच्या काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. कपाळावरचे लालभडक कुंकू काळा ठिपका होऊन उमटे, लाल शालू काळपट दिसे, सावळा रंग आणखी सावळा होई, आणि निळे आकाश पांढरेफटक. अशा फोटोवर रंग भरणाऱ्याला शालूचा रंग फोटोत सापडत नसे. तो घरच्यांना विचारून घ्यावा लागे, नाहीतर कल्पनेने ठरवावा लागे. रंगवलेल्या फोटोतली सगळ्यात भरवशाची वाटणारी गोष्ट, म्हणजे रंग, ही अनेकदा सगळ्यात कमी भरवशाची असते. चेहरा मात्र फोटोचा. रंगारी चेहऱ्याला हात लावताना जपून असे आणि पोशाख, दागिने, मागची महिरप यांत मनसोक्त रमे. राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी हीच वाट पुढे नेली. श्रीनाथजींसमोर हात जोडून उभे असलेले भाविक कुटुंब दाखवणाऱ्या ‘मनोरथ’ चित्रांत ते घरच्या माणसांचे चेहरे फोटोतून कापून चिकटवत आणि बाकी सारे कुंचल्याने रंगवत. मुंबईतल्या वैष्णव व्यापारी घरांतही अशी चित्रे असत. दर्शनाला प्रत्यक्ष किती जण गेले होते, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही; त्यासाठी ते काढलेलेही नव्हते.

राजा रविवर्मा यांचे नाव या कथेत टाळता येत नाही. 1848 ते 1906 हा त्यांचा काळ म्हणजे फोटोग्राफी भारतात रुजण्याचाच काळ. फोटोंचा संदर्भ म्हणून वापर ते करत, आणि त्यात कमीपणा काही नव्हता. बसण्याची ढब, लुगड्याच्या निऱ्या, बाजूने येणारा उजेड हे फोटो धरून ठेवतो आणि मॉडेल थकून निघून गेल्यावरही तो समोर राहतो. फोटोत नसलेले ते आपल्या चित्रांत आणत. फोटोतली स्त्री कॅमेऱ्याकडे पाहते. रविवर्मांची शकुंतला पायातला काटा काढायचे निमित्त करून भलतीकडे पाहते. गोष्ट या नजरेत आहे, आणि त्या काळचा कॅमेरा ती क्वचितच देऊ शके. 1894 साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देवघराबाहेरच्या भिंती भरून टाकल्या.

त्याच छापखान्यात धुंडिराज गोविंद फाळके यांनी काम केले. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता. 1913 च्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातल्या पात्रांची मांडणी रविवर्मांच्या चित्रांच्या वळणाने जाते, हे पाहणाऱ्याला सहज कळते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळले. महाल, बाग, तळे असले रंगवलेले पडदे नाटकात होते तसेच फोटो स्टुडिओतही होते. त्यामुळे जुन्या कौटुंबिक फोटोत मागे जो संगमरवरी जिना दिसतो, तो घरचा नसतो. घराने भाड्याने घेतलेले ते थोडे वैभव असते.

फोटोपासून भिंतीपर्यंतचा सगळ्यात लांब प्रवास शिर्डीच्या साईबाबांच्या प्रतिमेने केला. 1918 मध्ये समाधिस्थ झालेल्या साईबाबांचे अस्सल फोटो मोजकेच आहेत. त्यांतला दगडावर, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बसलेला कृष्णधवल फोटो चित्रकारांनी असंख्य वेळा रंगवला. समाधिमंदिरातली 1954 सालची संगमरवरी मूर्ती घडवताना शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांच्यासमोरही कृष्णधवल फोटोच होता. सपाट कागदावर नसलेली पाठ, खांद्यांची गोलाई, बाजूने दिसणारा चेहरा हे शिल्पकाराला स्वतःच ठरवावे लागले. आता घरोघरच्या तसबिरींत कुठे फोटोवरून रंगवलेले चित्र असते, कुठे मूर्तीचा फोटो. म्हणजे फोटोवरून घडलेली मूर्ती पुन्हा फोटो होऊन भिंतीवर परत आलेली असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीची गोष्ट वेगळ्या अर्थाने महत्त्वाची आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर हजारो घरांच्या भिंतींवरची जुनी दैवते उतरली आणि तिथे बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आले. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल, पण रंगीत तसबिरींत त्यांचा कोट निळाच असतो. हा रंग चळवळीने त्यांना दिला आणि रंगाऱ्यांनी, छापखान्यांनी तो पक्का केला. भिंतीवरची तसबीर बदलणे हे किती मोठे विधान असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

फोटो लावायच्याही रीती होत्या. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीत खिळा धड टिकत नसे, म्हणून फ्रेमा आढ्याजवळच्या लाकडी पट्टीवर दोरीने टांगत आणि वरून पुढे झुकवत. लोक जमिनीवर बसत. खालून पाहताना झुकलेल्या काचेवर दाराचा उजेड चमकत नाही आणि चेहरा समोर येतो. रीत दिसायला अजब, पण तिच्यामागे विचार होता. गेलेल्या माणसाच्या फोटोला चंदनाचा हार, हयात माणसाच्या फोटोला हार नाही, हा नियम आजही सहसा कुणी मोडत नाही. फोटो काढला की आयुष्य घटते अशी भीती असलेल्या पिढीत तर हयात माणसाचा फोटो भिंतीवर दिसणेच मुश्किल होते.

अलीकडच्या काही चित्रकारांनी घरातले आणि सार्वजनिक फोटो थेट साहित्य म्हणून हाताळले. विवान सुंदरम यांनी 2001-02 च्या ‘री-टेक ऑफ अमृता’ मालिकेत आजोबा उमरावसिंग शेरगील यांनी टिपलेले फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या वर्षांतल्या आणि गावांतल्या माणसांची त्यांनी एकाच खोलीत गाठ घालून दिली. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह रविवर्मांच्या चित्रांतल्या स्त्रिया स्वतः वेष करून फोटोत परत उभ्या केल्या. मुंबईत घाटकोपरला वाढलेल्या अतुल दोडिया यांनी 1999 मध्ये गांधीजींच्या फोटोंवरून जलरंगांची मालिका केली. पुढे ‘ब्रोकन ब्रँचेस’मध्ये त्यांनी फ्रेम केलेले फोटो लाकडी काचकपाटांत इतर वस्तूंबरोबर मांडले, ही मांडणी त्यांना पोरबंदरच्या गांधी-संग्रहालयावरून सुचली. दयानिता सिंग यांनी तर मांडणीच घरी नेण्याजोगी केली. 2008 च्या ‘सेंट अ लेटर’ची सात छोटी पुस्तके घडीच्या पंख्यासारखी उलगडून फळीवर उभी करता येतात. आज हे फोटो पुढे, उद्या ते.

या कामांतून एक कार्यपद्धती उचलता येते, आणि ती लेखकालाही तितकीच उपयोगी आहे. जुन्या फोटोत आधी चेहरा पाहिला जातो. कल्पनेला खाद्य मात्र बहुधा चेहऱ्याबाहेर मिळते. खुर्चीवर कोण आहे आणि मागे कोण उभे आहे? हात कुठे ठेवलेत? अनवाणी कोण, बूट कुणाच्या पायांत? मुलाच्या हातात स्टुडिओतले पुस्तक दिले आहे का? जोडप्याच्या फोटोत दोघांमध्ये किती अंतर आहे? कडेला कापलेला खांदा कुणाचा? हे तपशील ठरवून लिहून काढले की गोष्टीचा किंवा चित्राचा धागा पुष्कळदा हाती लागतो. फोटोची हुबेहूब नक्कल मात्र मृत निघते, कारण कॅमेऱ्याचा एकच डोळा असतो. त्याच्या जवळचे हात वाजवीपेक्षा मोठे दिसतात आणि सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. कसलेले चित्रकार सावलीतला रंग प्रत्यक्ष पाहून घालतात आणि फोटोकडून ठेवण तेवढी घेतात.

घरात लावायचे म्हटले की पहिला शत्रू उजेड. संग्रहालये छायाचित्रांसाठी साधारण 50 लक्स उजेड ठेवतात. भर दुपारचे ऊन लाख लक्सच्या घरात जाते. उजेडाने झालेली हानी साचत जाते आणि परत भरून येत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत देखणी असली तरी फोटोंसाठी ती सगळ्यात वाईट. 1970 च्या दशकातले रंगीत छाप अंधाऱ्या आल्बमातही तांबूस झालेले आढळतात, कारण त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर आधी विरतो. नीट धुतलेले कृष्णधवल छाप त्या मानाने चिवट. म्हणून शहाणपण यात की मूळ फोटो आल्बमात ठेवावा आणि स्कॅन करून काढलेली प्रत भिंतीवर लावावी. प्रत पिगमेंट शाईने काढली तर डाय शाईपेक्षा जास्त टिकते.

दुसरा शत्रू ओल. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काच थेट टेकलेली असेल तर तिला चिकटून बसतो. फोटो आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे कडेच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी राहायलाच हवी. फ्रेमवाल्याने घाईत ती वगळली तर पुन्हा करून घ्यावी. मागे साध्या लाकडाच्या लगद्याचा पुठ्ठा नको, कारण त्यातले आम्ल कागद पिवळा करते. बाहेरच्या पावसाने भिजणारी किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत रबराचे दोन तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. खळ आणि जिलेटिन हे कसरीचे खाद्य, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत फ्रेमा उतरवून मागची बाजू पाहणे ही उत्तम सवय आहे.

उंचीचा प्रश्न उरतो. उभ्याने पाहायच्या फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवतात. दिवाण किंवा गादीची बैठक असेल तर तो तितका खाली यावा. वेगवेगळ्या मापांचे पुष्कळ फोटो एकत्र लावायचे असतील तर आधी वर्तमानपत्राचे तुकडे त्या मापांत कापून भिंतीवर चिकटवून पाहिले म्हणजे खिळ्यांची भोके वाचतात. सगळे फोटो एकदमच लावायची गरज नसते. चार-सहा फ्रेमा ठेवून त्यांतले छाप वर्षातून दोनदा बदलले तर उजेडाचा भारही वाटला जातो आणि रोजची माणसे फोटोंकडे पुन्हा पाहू लागतात.

जुनी फ्रेम उघडताना फोटो काचेला चिकटलेला आढळला तर तो ओढू नये आणि पाणीही लावू नये. काचेसकटच स्कॅन करून घ्यावा आणि मूळ छाप संवर्धकाकडे सोपवावा. फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. नावे डावीकडून उजवीकडे, बसलेले आणि उभे अशी वेगळी लिहावीत, आणि हे काम घरातली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती शेजारी बसवून करावे.