पूर, भरती आणि खबर

पावसाळ्यात रायगडच्या जिल्हा नियंत्रण कक्षात नद्यांच्या पातळ्यांची नोंद सतत येत असते. रोह्याच्या कुंडलिकेची डोलवहाल बंधाऱ्यावर इशारा पातळी 23 मीटर, तर धोका पातळी 23.95 मीटर. दोन्हींत मीटरभराचेही अंतर नाही. त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही. तो किती वाजताचा आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, हेही कळावे लागते.

पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या सखल पट्ट्यात, भरतीची वेळही पाहावी लागते. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आले की पाण्याचा निचरा तुंबतो आणि बांधाला खांड जाण्याचा, म्हणजे भगदाड पडण्याचा, धोका वाढतो. अशा धोक्याची खबर तलाठी किंवा पोलीस पाटलाकडून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत वेळेत जायलाच हवी.

पुराप्रमाणे दरडीतही नेमकी माहिती लागते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली काही मुले तेव्हा आश्रमशाळेत होती. अशा वेळी ढिगाऱ्याखाली किती जण, हे नुसत्या गावाच्या यादीवरून ठरत नाही. बाहेर कोण होते, हे नातेवाइकांना विचारून यादी पुन्हापुन्हा दुरुस्त करावी लागते.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तर अग्निशमन दलाला निघण्यापूर्वीच रसायनाचे नाव आणि वाऱ्याची दिशा कळायला हवी. गाडी कोणत्या बाजूने आत न्यायची, हे त्यावरच ठरते.