गवती चहाचा नूडल्स वाडगा

दादर पश्चिमेला उतरून भाजी घेणाऱ्यांच्या पिशवीत या वाडग्याचं निम्मं सामान असतंच. चहासाठी घेतलेली गवती चहाची जुडी म्हणजे थाई रश्श्यातलं लेमनग्रास. आणि सोलकढीसाठी काढतो तेच नारळाचं दूध इथेही लागतं.

दोघांसाठी दीड कप पाण्यात गवती चहाची मूठभर पात (बुंधा मिळाला तर ठेचून, वास त्यातच जास्त), आलं, चार लसूणपाकळ्या आणि एक मिरची पाच मिनिटं उकळून गाळा. मंद आचेवर कपभर नारळाचं दूध घाला. खळखळ उकळलं तर ते फुटतं. मीठ, चिमूटभर गूळ. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच.

तांदळाच्या बारीक नूडल्स शिजवत बसू नका. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं झाकून निथळल्या की पुरे. वर मोडाचे वाफवलेले मूग, कांद्याची पात, भाजलेले दाणे. कोळंबी असेल तर रश्श्यातच दोन-तीन मिनिटं.

जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये झटपट नूडल्स आणल्या. आपल्याकडे १९८३ मध्ये मॅगी आली आणि दोन मिनिटांची सवय लागली. या वाडग्याला वीस मिनिटं लागतात, ती जरूर द्या.