कॅसिनोच्या दिव्यांपलीकडचं गोवं : चौघांची सहल, खिशाला झेपेल अशी

पणजीच्या जेटीसमोरच्या कठड्याला टेकून आम्ही चौघं उभे होतो. मांडवीच्या पाण्यात कॅसिनोची जहाजं निळ्या-गुलाबी दिव्यांनी नुसती न्हाऊन निघाली होती. बाबा म्हणाले, "काय रोषणाई आहे!" त्यावर आई शांतपणे म्हणाली, "आपल्या म्हैसूरला राजवाड्यावर दर रविवारी यापेक्षा जास्त दिवे लागतात आणि ते बघायला कुणी तिकीट मागत नाही."

आईच्या त्या वाक्यामागे एक जुनी जखम होती. माझा मावसभाऊ मागच्या वर्षी ऑफिसच्या मित्रांबरोबर असाच एका जहाजावर "फक्त बघायला" गेला आणि अठरा हजार घालवून आला. महिन्याचं घरभाडं गेलं. ते शेवटी आईने मावशीला न सांगता भरलं. त्यामुळे गोव्याचं ठरलं तेव्हाच आईने अट घातली होती की जहाजावर पाय ठेवायचा नाही. बाबांना मात्र एकदा आत डोकावून बघायचंच होतं. "मी काय खेळणार आहे का? नुसतं बघून येईन," असं ते निघाल्यापासून तीनदा म्हणाले होते. (मावसभाऊही हेच म्हणाला होता, हे आईने तीनदा आठवण करून दिलं.)

मी घरातली हिशोबनीस, म्हणून आकड्यांनी बोलले. जहाजावर नुसतं जायचं म्हटलं तरी माणशी दीड-दोन हजारांपासून सुरुवात. वीकएंडला आणखी जास्त. माझा भाऊ सतरा वर्षांचा आणि २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोत प्रवेशच नाही. म्हणजे त्याला एकट्याला रस्त्यावर बसवायचं. त्यातून खेळायला जी नाणी विकत घ्यायची, त्यांच्या किमतीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. हरणं-जिंकणं पुढची गोष्ट, खिसा आधीच हलका होतो. मला सगळ्यात गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्यातल्या रहिवाशांना या कॅसिनोंत जाऊन खेळायला बंदी आहे. जे घरच्यांना नको, ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय!

तिथून हाकेच्या अंतरावर आदिलशहाचा जुना वाडा आहे आणि त्याच्या बाजूला आबे फारिया यांचा पुतळा. कांदोळीत जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री पॅरिसमध्ये जाऊन संमोहनविद्येचा मोठा अभ्यासक झाला. एका बाईला संमोहित करताना त्याचे हात पुढे पसरलेत. भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्ही त्या जहाजाकडे अगदी तिच्यासारखे बघताय." त्या संध्याकाळचा वाद तिथेच थांबला.

मुक्काम कुठे करायचा?

सहलीतले सगळ्यात जास्त पैसे राहण्यात जातात, म्हणून इथे नीट सांगते. जेटीजवळ किंवा कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर सीझनमध्ये चौघांची खोली घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. आम्ही फोंडा तालुक्यात, मंगेशीच्या परिसरातल्या एका देवळाच्या अग्रशाळेत राहिलो. गोव्यातल्या मोठ्या देवस्थानांच्या आवारात भाविकांसाठी अशा खोल्या असतात. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी ही सगळी देवळं एकमेकांपासून जवळच. खोली साधी असते, पण स्वच्छ. मागे नारळाची झाडं, समोर तळी, पहाटे घंटेचा आवाज. आईला तर तिथून हलावंसंच वाटत नव्हतं.

मात्र अग्रशाळा म्हणजे हॉटेल नव्हे. आधी फोन करून विचारा. काही ठिकाणी देवस्थानच्या महाजनांना आणि कुळाव्यांना प्राधान्य असतं, जत्रेच्या दिवसांत तर जागाच नसते. मांसाहार आणि दारू आवारात अर्थातच नाही. बाबांची फिश थाळी त्यामुळे पणजीत झाली, आणि तीही मंगळवारी, कारण सोमवारी ते खात नाहीत.

ही सगळी देवळं फोंड्यातच का, हा प्रश्न भावाला पडला. त्याचं उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलून नदीपलीकडे आणले. फोंडा अठराव्या शतकापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं गाव, हे सांगितल्यावर आईने देवळात दुसऱ्यांदा प्रदक्षिणा घातली.

फोंडा-पणजी रस्त्यावर बस सारख्या धावतात आणि त्या मंगेशी, बाणास्तारी, जुनं गोवं अशाच जातात. कॅबची ॲप्स आपल्याकडच्यासारखी चालतील असं गृहीत धरू नका. ओला-उबर इथे नाहीत आणि टॅक्सीचे दर ऐकून पोटात गोळा येतो. एकट्यादुकट्याला "पायलट" बरा पडतो. पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलची टॅक्सी. बसण्याआधी भाडं ठरवा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर वाचवलेले पैसे तिथेच जातील.

फेरीबोटीतून शिवाजी महाराजांपर्यंत

आता ज्या दिवसासाठी हा लेख लिहिते आहे, त्याकडे येते.

सकाळी बसने जुन्या गोव्याला उतरलो. बॉम जेझू बासिलिका आणि से कॅथेड्रल या दोन्हींत तिकीट नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंचीचा पडका मनोराही तसाच बघता येतो. इथवर सगळे पर्यटक येतात आणि मग बसमध्ये बसून परत जातात. आम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे चालत गेलो. कमानीपलीकडे फेरीचा धक्का आहे, समोर दिवाडी बेट. पायी जाणाऱ्याला फेरीत पैसे लागत नाहीत. बाबांनी पाकीट काढलं तेव्हा फेरीवरचा माणूस हसला आणि "खंयचे तुमी?" असं विचारून बाजूच्या कठड्याकडे बोट दाखवलं. तिथे वारा जास्त लागतो म्हणे.

पाच-सात मिनिटांत बेटावर. दोन्ही बाजूंना खाजन शेतं, मधून उंचावलेला रस्ता, बगळे, आणि एकही दुकान नाही. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, आमची हीच चूक झाली. पिएदाद गावात मोठमोठी जुनी घरं आहेत आणि टेकडीवर चर्च. तिथून मांडवीची दोन्ही पात्रं दिसतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेराचा उत्सव भरतो, एरवी मात्र गाव दुपारी गाढ झोपलेलं असतं. आईचा गुडघा बोलायला लागला तेव्हा टेम्पोतून नारळ नेणाऱ्या एका काकांनी आम्हाला मागे बसवून घेतलं आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीवर सोडलं. पैसे विचारले तर म्हणाले, नारळ उतरवायला मदत करा. भावाने तीस नारळ उतरवले.

ही दुसरी फेरी जाते नार्व्याला. तिथे सप्तकोटेश्वर आहे.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलस्वामी. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, पण भक्तांनी लिंग वाचवलं आणि नदीपार डिचोलीच्या मुलखात नेलं. पुढे शिवाजी महाराज या भागात आले आणि त्यांनी १६६८ च्या नोव्हेंबरमध्ये देवळाचं काम सुरू करवलं. तसा लेख दारावरच्या दगडात कोरलेला आहे. देऊळ मोठं नाही. आपल्या सवयीचं उंच शिखर नाही, त्याऐवजी बुटका घुमट आणि उतरती कौलं. समोर दीपस्तंभ. गोवा सरकारने जीर्णोद्धार करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्या शिलालेखासमोर ते किती वेळ उभे होते! भावाला शक आणि इसवी सन यांचं गणित करून दाखवलं, कार्तिक महिना कसा जुळतो ते सांगितलं. आजूबाजूला दुसरं एक कुटुंब होतं, तेही ऐकायला थांबलं. त्यांची छोटी मुलगी म्हणाली, "आजोबा, परत सांगा." मी बाबांचा असा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला.

परतताना त्याच दोन फेरी, पुन्हा फुकट. बस, दुपारचं जेवण, शहाळी, सगळं धरून चौघांचा त्या दिवसाचा खर्च हजारापेक्षा कमी झाला.

थोडं पणजीबद्दल

फोंतेन्यासच्या रंगीत गल्ल्या बघायच्याच, पण सकाळी लवकर आणि आवाज न करता. ती लोकांची घरं आहेत. कुणाच्या दारात बसून फोटो काढायचा तर आधी विचारा. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमधल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, तेवढं चुकवू नका. मिरामारच्या किनाऱ्याला आणि तिथल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीला तिकीट नाही. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी त्याच रस्त्यावर.

खाण्यासाठी बाजाराच्या आसपासची जुनी उपाहारगृहं धरा. सकाळी पातळ भाजी आणि पाव, सोबत बन्स नाहीतर मिरची भजी. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट मिळतं. ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा ओततात आणि पावाने पुसून खायचं. भावाने दोन खाल्ली, आईने "अंड्यावर रस्सा कशाला?" म्हणत त्याच्या ताटलीतून अर्धं संपवलं. नदीकाठची, मेन्यूवर जहाजाचं चित्र असलेली हॉटेलं आम्ही टाळली.

पावसाळ्यात खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात, पण जोराच्या पावसात फेरी थांबू शकते. त्या दिवसांत हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. आणि बससाठी सुटे पैसे जवळ असू द्या.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा पणजीच्या जेटीवर आलो. कॅसिनोच्या छोट्या बोटींसाठी रांग लागली होती. आम्ही त्या रांगेच्या बाजूने जाऊन बेतीच्या फेरीत चढलो. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा सगळी पणजी याच फेरींवर विसंबून होती. आता तीन पूल आहेत, तरी कामावरून घरी जाणारी माणसं अजूनही इथून जातात. पलीकडे उतरून दिवसा रेइश मागुशचा किल्ला बघता येतो. त्यात मारिओ मिरांडांच्या चित्रांचं दालनही आहे. आमच्याकडे मात्र तेवढा वेळ नव्हता.

फेरी सुटली आणि जहाजांच्या जवळून निघाली. आतलं संगीत ऐकू येत होतं, काचेमागे माणसं दिसत होती. बाबा कठड्याला धरून बघत होते. आईने विचारलं, "झालं बघून?"

"झालं," बाबा म्हणाले. "परतीच्या फेरीत त्या बाजूने बसू, तिकडून दुसरं जहाज दिसेल."