बीजदोषाचा विचार : प्रभावी व अप्रभावी जनुके आणि सिकलसेल विकार

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असा सूक्ष्म भेद केलेला आढळतो. ही संकल्पना व आधुनिक जनुकशास्त्र तंतोतंत एकच आहेत, असा दावा करणे उचित नव्हे. तथापि मातापित्यांकडून येणाऱ्या दोषाचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही, हे निश्चित.

प्रत्येक गुणाविषयीची जनुके सामान्यतः जोडीने असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या उंच व बुटक्या झाडांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच निपजली. दुसऱ्या पिढीत मात्र सुमारे ३:१ या प्रमाणात बुटकेपणा पुन्हा प्रकटला. हे निष्कर्ष १८६६ साली प्रसिद्ध झाले. एकटे असतानाही प्रकट होते ते प्रभावी जनुक. जोडीतील दोन्ही सारखी असतील तरच प्रकट होते ते अप्रभावी. प्रभावी म्हणजे श्रेष्ठ अथवा समाजात अधिक आढळणारे, असा अर्थ मात्र घेऊ नये.

विदर्भ व नंदुरबार परिसरातील वैद्यांना परिचित असलेला सिकलसेल विकार हे अप्रभावी वारशाचे ठळक उदाहरण होय. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकातील बदलामुळे प्रथिनशृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी होताच रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. एकच सदोष जनुक असलेली व्यक्ती 'वाहक' असते व बहुधा निरोगी दिसते. तिचे हिमोग्लोबिनही सामान्य असू शकते.

दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले अपत्य रुग्ण झाले म्हणून पुढील तिघे सुरक्षित, हा समज घातक आहे. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. दोष एकट्या मातेचा मानणे तर सर्वस्वी अशास्त्रीय, कारण रुग्ण अपत्यास दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेले असते.

चिकित्सकाने येथे दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. विद्राव्यता चाचणी वाहक व रुग्ण यांतील भेद दाखवीत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी तपासणी आवश्यक. दुसरे, पांडुता दिसताच लोहकल्प देऊ नयेत. थॅलेसेमियाच्या वाहकातही रक्तपेशी लहान दिसतात, परंतु लोह पुरेसे असू शकते; वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णात तर ते अतिरिक्त साठते. म्हणून फेरिटिन तपासून मगच मंडूर वा लोहभस्माची योजना करावी. औषधालयचालकांनीही असे कल्प दीर्घकाळ मागणाऱ्या ग्राहकास तपासणीचा सल्ला द्यावा.

२०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. विवाहापूर्वी कुंडलीसोबत रक्ततपासणीचे पत्रकही पाहावे, हा सल्ला कुटुंबास सर्वाधिक परिणामकारकपणे देऊ शकतो तो त्यांचा विश्वासू वैद्यच.