बारा मिनिटे निर्वातात

सायकलची एक जुनी ट्यूब घ्या. आत हवा नसताना ती चिंधीसारखी कशीही दुमडता येते. आता पंपाने तिच्यात हवा भरा आणि पुन्हा दुमडून पाहा. ती ताठ झालेली असते, सहजासहजी वाकत नाही. रबर तेच, वाढला तो फक्त आतल्या हवेचा दाब. याच साध्या गोष्टीमुळे १८ मार्च १९६५ रोजी एक अंतराळवीर मृत्यूच्या दारात जाऊन परत आला.

त्याचे नाव अलेक्सी लिओनोव. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याला तेव्हा चार वर्षे होत आली होती. त्यानंतर आणखी काही जण अंतराळात जाऊन आले. परंतु तेथे यानाबाहेर पाऊल कोणीच टाकले नव्हते. ते धाडस करण्यासाठी सोव्हिएत युनियनने 'वोस्खोद-२' हे यान सोडले. यानाचा प्रमुख होता पावेल बेल्यायेव आणि बाहेर पडणार होता लिओनोव.

यानाचे दार उघडले की झाले, असे तुम्हाला वाटेल. पण या यानातील विद्युत उपकरणे आतल्या हवेमुळेच थंड राहत. हवा निघून गेली असती, तर ती तापून बिघडली असती. म्हणून यानाला बाहेरून एक फुगवता येणारी, नळकांड्यासारखी खोली जोडली होती. तिला दोन दारे. आत शिरायचे, यानाकडचे दार लावायचे, खोलीतील हवा सोडून द्यायची आणि मगच बाहेरचे दार उघडायचे.

लिओनोव बाहेर आला. सुमारे पाच मीटर लांबीच्या दोराने तो यानाशी बांधलेला होता. खाली काळा समुद्र पसरला होता. परंतु परतण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आले, की आपला पोशाख फुगून ताठ झाला आहे!

असे का झाले? पोशाखातील दाब सुमारे ०.४ वातावरण होता. हा आकडा लहान दिसतो. पण हिशेब करा. एक वातावरण दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका भार. म्हणजे तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर जागेवर आतून ४० किलोग्रॅमचा रेटा! बाहेर निर्वात असल्याने त्याला विरोध करणारा दाब शून्य. बोटे हातमोज्यांतून आणि पावले बुटांतून मागे सरकली. दोर गुंडाळणेही कठीण झाले. यान लवकरच पृथ्वीच्या सावलीत, अंधारात शिरणार होते.

पोशाखाला एक झडप होती. दाब कमी केला, तर पोशाख वाकला असता. पण त्यात मोठा धोका होता. सोडावॉटरची बाटली उघडताच बुडबुडे उसळतात, ते तुम्ही पाहिले असतील. दाब एकदम उतरला, की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचेही तसेच बुडबुडे होऊ शकतात. मात्र लिओनोव बराच वेळ शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेत होता. त्यामुळे शरीरातील बराचसा नायट्रोजन निघून गेला असेल, असा विचार त्याने केला. जमिनीवरील केंद्राला न विचारता त्याने झडप उघडली आणि दाब सुमारे ०.२७ वातावरणापर्यंत उतरवला. नियम पाय आधी घालण्याचा होता. तो डोके आधी घालून शिरला. मग जेमतेम एक मीटर रुंदीच्या त्या खोलीत घामाने निथळत तो उलटा फिरला आणि त्याने बाहेरचे दार लावले. तो सुमारे बारा मिनिटे बाहेर होता.

संकटे एवढ्यावरच संपली नाहीत. उतरण्याची स्वयंचलित यंत्रणा चालेना, तेव्हा बेल्यायेवने यान स्वतःच्या हाताने उतरवले. ते ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पेर्मजवळच्या बर्फाळ अरण्यात पडले. दोघांनी तेथे दोन रात्री काढल्या आणि मग बर्फावरून स्की करत हेलिकॉप्टर गाठले.

लिओनोव २०१९ साली निवर्तला. आजच्या पोशाखांतही दाब साधारण ०.३ ते ०.४ वातावरणच ठेवतात. मात्र त्यांचे सांधे सुलभपणे वाकतील असे बनवलेले असतात. आणि बाहेर पडण्यापूर्वी अंतराळवीर आजही शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेतात.

लिओनोव धाडसी होता, यात शंका नाही. पण दाब म्हणजे काय, हे त्याला नीट ठाऊक नसते, तर त्या क्षणी नुसते धाडस त्याच्या किती कामी आले असते? विचार करून पाहा.