मुख्याध्यापकांची खातेवही

‘पोर्टफोलिओ’ म्हटले की आपल्या घरांतून शेअर आणि म्युच्युअल फंडच आठवतात. शिक्षणक्षेत्रात हा शब्द वेगळ्या अर्थाने रूढ आहे. मुख्याध्यापकांनी वर्षभरात कोणते काम हाती घेतले, ते कसे केले, त्याचे फलित काय आणि त्यातून ते काय शिकले, याची पुराव्यांसह ठेवलेली संचिका म्हणजे त्यांचा पोर्टफोलिओ. आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत; म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला.

कुशल व्यावसायिक केवळ पुस्तकी ज्ञानावर चालत नाही, स्वतःच्या कृतीचा विचार करीत तो शिकत जातो, असे प्रतिपादन अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये आपल्या ग्रंथात केले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी संचिकांचा प्रयोग केला. पुढे ही पद्धत शाळाप्रमुखांपर्यंत पोहोचली. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांकडूनही दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. परंतु तास भरले म्हणजे विकास झाला असे नव्हे. प्रशिक्षणात ऐकलेले शाळेत उतरले की नाही, हे संचिकेतून कळते.

व्यापारी कुटुंबांना ही रीत परकी नाही. रोजकीर्दीत नोंद, खतावणीत वर्गवारी आणि वर्षअखेरीस ताळेबंद, हाच तिचा क्रम. वर्षारंभी एक-दोनच उद्दिष्टे ठरवावीत. उदाहरणार्थ, तिसरीच्या प्रत्येक मुलाला सलग वाचता यावे. मग वर्गनिरीक्षणाच्या नोंदी, वाचन चाचण्यांचे निकाल, शिक्षकसभेचे इतिवृत्त, पालकांचे म्हणणे असे निवडक पुरावे जोडावेत. प्रत्येक पुराव्यासोबत चार ओळींचे टिपण हवे : काय ठरविले होते, काय घडले, कोठे चुकले, पुढे काय बदलणार. हे टिपण नसेल तर संचिका म्हणजे छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांचा नुसता अल्बम होय.

मात्र खरी अडचण पुढेच आहे. बँकेत असताना दर मार्चअखेरीस मी स्वमूल्यमापनाचा तक्ता भरीत असे. एका शाखेत मी मंजूर केलेले एक कर्ज बुडाले. तारण पुरेसे होते. परंतु कर्जदाराचा माल गोदामातून किती दिवसांत उठतो, हे मी पाहिले नव्हते. चूक मला उमगली, पण तक्त्यात मी ती लिहिली नाही. कारण त्याच कागदावर माझी बढती अवलंबून होती. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने तशाच स्वरूपाचे कर्ज दिले आणि तेही बुडाले. माझा धडा माझ्यासोबतच बदलीच्या गावी निघून गेला होता.

मी ज्या शालेय समितीवर आहे, तेथे मुख्याध्यापिकाबाईंनी संचिका सुरू केली तेव्हा हीच आठवण मनात होती. पहिल्या वर्षी पाने सुबक होती. उणीव एकही नव्हती. ‘बाई, यात फसलेला एकही प्रयोग कसा नाही?’ असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘साहेब, ही फाईल वेतनवाढीच्या वेळीही उघडली जाते ना?’ समिती निरुत्तर झाली. त्यानंतर दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वेतनवाढीसाठी स्वतंत्र अहवाल मागविला. संचिका मात्र बाईंची, ती दुसऱ्या शाळेतील एका अनुभवी निवृत्त मुख्याध्यापकांसोबत वाचायची. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून समितीसमोर एक पान वाचून दाखविले. दुपारच्या जादा वाचन तासाला मुले पेंगत होती, म्हणून तो तास सकाळी घ्यावा लागला, असे त्यात लिहिले होते. ते पान ऐकताना शाळा खरोखर शिकत आहे असे मला वाटले.

दुकानाची वही नफ्याइतकाच तोटाही प्रामाणिकपणे सांगते, म्हणून तर पुढची पिढी तिच्यावरून धंदा शिकते. केवळ दाखविण्यासाठी लिहिलेली वही कोणालाच काही शिकवीत नाही. संचालकांनी मुख्याध्यापकांकडे संचिका जरूर मागावी. पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मनाशी द्यावे : त्यात चूक लिहिलेली आढळली, तर आपण त्यांना जाब विचारणार, की आपली काय मदत हवी ते विचारणार?