श्वानदंश : भय आणि उपाय

पुष्कळ रोग असे आहेत कीं, ते अंगांत भिनल्यावर मग वैद्याकडे धांव घेतली तरी बहुधा निभावतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशापासून होणारा जलसंत्रास, ज्यास हल्लीं सर्वत्र रेबीज म्हणतात, तो मात्र तसा नव्हे. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळ जवळ अशक्य; आणि त्यापूर्वीं वेळेवर व पुरे उपचार झाले तर रोग होणें जवळ जवळ अशक्य. सर्व भिस्त वेळेवर आहे, हेंच येथें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा आमचा हेतु आहे.

या रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत असतात. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा इत्यादि प्राण्यांसही हा रोग होतो. परंतु मनुष्यास तो बहुतेक सर्व प्रसंगीं कुत्र्यापासूनच जडतो. दांत किंवा नख लागून कातडी फाटली, अथवा उघड्या जखमेवर लाळ पडली, म्हणजे विषाणू आंत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे सरकतात. रोग प्रकट होण्यास सामान्यतः एक ते तीन महिने लागतात. क्वचित् एका आठवड्याहून कमी, तर क्वचित् वर्षाहूनही अधिक. चेहरा व मान हीं मेंदूच्या जवळ असल्यामुळें तेथील दंश विशेष घातक. आणि लहान मुलांची उंचीच अशी कीं कुत्र्याचें तोंड त्यांच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोंचतें. विषाणू मेंदूंत शिरल्यावर पाण्याचा घोट घेतांच घशास आंचके येतात, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत सर्व संपतें. दंश व लक्षणें यांमधील जो अवकाश, तोच काय तो मनुष्याच्या हातीं असतो.

त्या अवकाशाचा उपयोग फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें करून दाखविला. पिसाळलेल्या कुत्र्यानें अनेक ठिकाणीं चावलेल्या जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलास त्यानें ता. ६ जुलै १८८५ पासून लस टोचविली, व तो मुलगा वांचला. आपल्या देशांत कसौली येथें १९०० सालीं व कुन्नूर येथें १९०७ सालीं पाश्चर संस्था स्थापन झाल्या. पूर्वींच्या लशीच्या सुया पोटांत घ्याव्या लागत, आणि त्याही चौदापर्यंत. घरोघरच्या आजीबाईंच्या तोंडीं ती गोष्ट अद्याप आहे, व तिच्या धास्तीनें कित्येक लोक दवाखान्याकडे पाठ फिरवितात. परंतु ती लस केव्हांच वापरांतून गेली. हल्लीं लस दंडावर टोचतात : पहिल्या दिवशीं, आणि तेथून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं, एका पद्धतींत चौदाव्या दिवशींही. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते.

आतां दंश झाल्यास काय करावें तें सांगतों. प्रथम जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. या विषाणूभोंवतीं स्निग्ध पदार्थाचें आवरण असतें व साबणानें तें मोडतें. म्हणून हा साधा उपाय अमोल होय. जखमेंत तिखट भरूं नये. चुना, हळद, तंबाखू, तेल यांपैकीं कांहींही लावूं नये. घट्ट पट्टी बांधूं नये. मग त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेच्या आंत व भोंवतीं टोचावयाचें आणखी एक औषध डॉक्टर देतात. तें अवश्य घ्यावें, कारण लशीचा गुण येण्यास कांहीं दिवस लागतात व तोंवर हें औषध पहारा करतें. जखम भरून आली म्हणून पुढील टोचण्या सोडूं नयेत. अंगारेधुपारे करण्यांत जो दिवस जातो तो परत येत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दरवर्षीं या रोगानें जगांत सुमारें ५९,००० माणसें दगावतात, व त्यांत मुलांचा भरणा फार मोठा असतो. याचें एक कारण असें कीं मुलें दंश लपवितात. कुत्र्याची खोडी काढल्याबद्दल मार बसेल, किंवा सुई टोचतील, या भीतीनें लहानसा ओरखडा सदऱ्याच्या बाहीखालीं झांकला जातो. विद्यार्थ्यांनीं हें पक्कें ध्यानांत धरावें कीं, ओरखडा कितीही लहान असो, तो घरीं किंवा गुरुजींस त्याच दिवशीं सांगितलाच पाहिजे. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मूल सांगावयास आलें असतां प्रथम त्याची जखम धुवावी. रागवावयाचें असेल तर तें मागाहून. किंबहुना न रागावणेंच बरें.

रोग मुळांतच थांबविण्याचे मार्गही आपल्या हातचे आहेत. जेवणाऱ्या, निजलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्यास छेडूं नये. अंगावर आल्यास पळूं नये, स्तब्ध उभें राहावें. पाळीव कुत्र्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें नियमानें लस टोचावी. मधल्या सुटींत डब्यांतील उरलेलें अन्न कुंपणापलीकडे फेकणें, खाटीकखान्याची घाण व घरचा ओला केर रस्त्याकडेला टाकणें, यांवरच मोकाट कुत्र्यांचे कळप पोसले जातात. पूर्वीं मेलेलीं गुरें गिधाडें फस्त करीत. गुरांस दिलें जाणारें डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसावाटे पोटांत जाऊन तीं बहुतेक नष्ट झालीं; २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली, पण तोंवर गिधाडांचा घांस कुत्र्यांच्या वाट्यास आला होता.

मात्र कुत्र्यांस मारून हा रोग हटत नाहीं. त्यांस लस टोचल्यानें हटतो. गांवांतील शेंकडा ७० कुत्र्यांस लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते. याचें उदाहरण शेजारच्या गोव्यांत आहे. तेथें २०१३ सालापासून कुत्र्यांस लस टोचण्याची व शाळांतून मुलांस शिकविण्याची मोहीम चालविण्यांत आली, आणि पुढें कांहीं वर्षें ओळीनें एकही मनुष्य या रोगानें दगावल्याची नोंद झाली नाहीं. जें गोव्यास साधलें तें इतरांस कां साधूं नये? त्याचा आरंभ साबण, पाणी आणि खरें सांगणारें मूल यांपासून करतां येतो.